शेजारशेजारचे दोन आकडे

आमच्या वाइन मंडळात वाइन न पिणारा मी एकटाच. मला पित्ताचा त्रास आहे, आणि खरं सांगायचं तर चार माणसांसमोर काही चाखून त्यावर मत द्यायची मला भीती वाटते. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो आणि आकडे मांडतो. कॉलेजात पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. हे काम माझ्या थोरल्या भावानं, दादानं, माझ्या गळ्यात घातलं. मंडळ त्यानंच काढलेलं. "नुसता घरात पुस्तकं चाळत बसतोस, त्यापेक्षा आमच्या जिभांचा हिशोब ठेव," असं म्हणून त्यानं मला पहिल्यांदा तिथे ओढून नेलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.

वर्षातून नऊ वेळा, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ परीक्षक एका लांब टेबलाभोवती बसतात. प्रत्येकापुढे एक जाड कागद. त्यावर आठ वर्तुळं छापलेली आणि वर्तुळांत अक्षरं: अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. प्रत्येक वर्तुळावर एक ग्लास. प्रत्येक परीक्षक घरून एक बाटली आणतो. या बाटल्या आतल्या छोट्या खोलीत असतात, प्रत्येक बाटली वेगळ्या रंगाच्या कापडी पिशवीत झाकलेली. वाचनालयाची देखभाल करणाऱ्या मावशी तिथून ग्लास भरून आणतात आणि कोणत्या अक्षरात कोणत्या रंगाची पिशवी ओतली ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवतात. परीक्षकांनी आठही ग्लास चाखायचे, सर्वांत आवडला त्याला एक, सर्वांत नावडला त्याला आठ, असे क्रम लावायचे. बरोबरी चालत नाही. मी बेरीज करतो. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो ग्लास पहिला. मग मावशी फक्त त्या बाटलीची पिशवी काढून बाटली सगळ्यांना दाखवतात.

बाकीच्या बाटल्या झाकलेल्याच परत जातात. हा दादाचा नियम. "शेवटी कुणाची आली ते कळून करायचंय काय? माणूस पुढच्या वेळी तोंड दाखवणार नाही," असं तो म्हणायचा. नियम सभ्य होता. त्यामुळे आतल्या खोलीत किती बाटल्या आहेत हे कुणी कधी मोजलं नाही.

दादा चार वर्षांपूर्वी गेला. मंडळातली माणसं घरी भेटायला आली आणि अध्यक्षांनी दादाची खुर्ची वहिनींना देऊ केली. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, स्वभावानं मोकळे, आवाजानं मोठे. "तुम्ही काही आणू नका, वहिनी. नुसत्या या," ते म्हणाले. मला वाटलं होतं वहिनी नाही म्हणतील. त्या कमी बोलणाऱ्या. कापडाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी रंग जुळवायचं काम केलं होतं: आज रंगवलेला धागा आणि महिन्यापूर्वी रंगवलेला धागा एकाच रंगाचा आहे की नाही, हे खिडकीपाशी उभं राहून सांगायचं. त्या म्हणाल्या, "येईन." आणि त्यानंतर एकही रविवार त्यांनी चुकवला नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं.

"मास्तर, चार जण खुर्चीसाठी थांबलेत. त्यात तो हॉटेलवाला तर रोज फोन करतो. कुणाला ऊठ म्हटलं की भांडण होणार. कुणाची जीभ बाकीच्यांशी जुळत नाही, हे सांगणारा काही आकडा नाही का तुमच्याकडे?"

असा आकडा असतो. एकाचे क्रम घ्यायचे आणि बाकी सातांच्या सरासरी क्रमांशी ताडून पाहायचे. तंतोतंत जुळले तर एक, बरोबर उलटे निघाले तर उणे एक, काहीच संबंध नसेल तर शून्य. मी म्हणालो, आहे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी गिळली. आठही जणांचं मिळून एकमत किती, याचाही एक आकडा असतो. आठ जणांनी डोळे मिटून चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तो सरासरीनं शून्य पूर्णांक साडेबारा शतांश आला असता. आमच्या मंडळाचा अकरा वर्षांचा सोळा शतांश होता. म्हणजे ही हौशी, इस्त्रीचे कपडे घालून येणारी माणसं जवळजवळ चिठ्ठ्याच टाकत होती. हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? आणि सांगणारा मी कोण, ज्याला लाल आणि पांढरी यापलीकडे काही कळत नाही?

नियम झाला. वर्षाअखेर ज्याचा जुळणीचा आकडा सर्वांत कमी, त्यानं खुर्ची सोडायची.

वर्षाअखेर सर्वांत कमी आकडा वहिनींचा आला. उणे एकतीस शतांश. त्यांच्या जवळपाससुद्धा कुणी नव्हतं.

आम्ही एकाच घरात राहतो, त्या खाली, मी वर. मी खाली जाऊन सांगितलं. सांगताना तीनदा चष्मा पुसला. वहिनी म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा, भाऊजी. पुढच्या रविवारी सांगून टाका." मला जरा हायसं वाटलं, असं कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र द्यायला गेलो, तर त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रविवारी दुपारी चारला टीव्हीवर काय असतं हो?"

मी वर आलो आणि सगळे कागद बाहेर काढले. नियम मी सुचवलेला, गणित मी केलेलं. निदान गणितात माझी चूक निघावी अशी माझी इच्छा होती. बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. वजाबाक्या तपासल्या. बरोबर. वहिनी चार वर्षांपूर्वी आल्या तेव्हापासूनच्या छत्तीस बैठकांचे कागद मी पलंगावर ओळीनं मांडले. प्रत्येक गठ्ठ्याच्या मागे मावशींची चिठ्ठी टाचणीनं लावलेली होती. या चिठ्ठ्या दर वेळी माझ्याबरोबर घरी यायच्या आणि मी त्या कधी वाचल्या नव्हत्या. पहिली बाटली दाखवून झाली की त्यांचं काम संपायचं.

टाचणी बोटाला टोचली म्हणून मी त्यातली एक चिठ्ठी काढली आणि वाचली. अ लाल, ब निळी, क हिरवी, ड पिवळी, इ करडी, फ हिरवी, ग जांभळी, ह तपकिरी.

हिरवी दोनदा आली होती. लिहिताना चुकलं असेल, असं वाटून मी दुसरी चिठ्ठी काढली. तिच्यात करडी दोनदा. तिसरीत लाल. छत्तीसच्या छत्तीस चिठ्ठ्यांत रंग सात आणि त्यातला एक दोनदा.

मी बूट घालून थेट वाचनालयात गेलो. मावशी खुर्च्या पुसत होत्या.

"मावशी, तुम्ही ग्लास भरता ना, तेव्हा बाटल्या किती असतात?"

"सात."

"आणि ग्लास?"

"आठ. तुम्हाला ठाऊक नाही? तुम्हीच तर गणिताचे मास्तर."

"मग आठव्यात काय ओतता?"

"जी बाटली हाताला जड लागेल तिच्यातली." त्यांनी फडकं झटकलं. "तुमचे दादा गेल्यापासून आठवी बाटली येतच नाही. मग वर्तुळ रिकामं ठेवू? दात पडल्यासारखं दिसतं. आणि तेही दातांच्या डॉक्टरांसमोर!"

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं का?" मग त्यांचा चेहरा उतरला. "का हो मास्तर? काही चुकलं का माझं?"

नाही, नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि जिना उतरलो. झालं होतं असं: डॉक्टरांना वाटत होतं की दादाची बाटली आता दुसरं कुणीतरी भरून काढतं, बाकीच्यांना वाटत होतं की डॉक्टर, आणि वहिनींना तर आणू नका म्हणूनच सांगितलेलं. चार वर्षं आठ परीक्षक सात बाटल्यांना आठ क्रम देत होते. दर वेळी समोरच्या आठातले दोन ग्लास एकच होते.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला होता. ज्याच्या जिभेला खरंच काही कळतं, तो या दोन सारख्या ग्लासांना कोणते क्रम देईल? बरोबरी तर चालत नाही. तो त्यांना शेजारशेजारचे आकडे देईल. दोन आणि तीन, किंवा सहा आणि सात. आवडनिवड कशीही असो, जुळी शेजारी बसली पाहिजेत. आणि ज्याला काही कळत नाही त्याच्याकडे ती चार बैठकांतून एकदा शेजारी बसतील, निव्वळ नशिबानं. म्हणजे छत्तीसांत नऊ वेळा.

मी डॉक्टरांपासून सुरुवात केली. डॉक्टरांचे आले आठ. मंडळात एक छापखानेवाले आहेत, वर्तुळांचे कागद तेच छापतात, त्यांचे अकरा. कुणाचे सात, कुणाचे दहा. सगळे नशिबाच्या आसपास घुटमळत होते. वहिनींचे कागद मी मुद्दाम शेवटी ठेवले होते.

पहिल्या बैठकीत चार आणि पाच. दुसरीत सात आणि आठ. तिसरीत एक आणि दोन. मी पेन्सिलीनं रेघा ओढत होतो. दहावी रेघ ओढली तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. पंधराव्याला मी मागे जाऊन पहिल्यापासून तपासलं, कारण हे शक्य नव्हतं. छत्तीसपैकी तेहतीस.

असं निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता किती, ते मी काढलं. दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग चार. आयुष्यभर मी फळ्यावर असे आकडे लिहिले. पण ते पुस्तकातले होते, फासे आणि रंगीत चेंडूंचे. माझ्याच घरात, खालच्या मजल्यावर घड्या घालत बसलेल्या माणसाचा असा आकडा मी कधी पाहिला नव्हता. आठ जणांच्या त्या गोंगाटात चार वर्षं एक जीभ शांतपणे खरं सांगत होती, आणि ती बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून मी तिला उणे एकतीस शतांश दिले होते. एकमत मोजायचं साधन मी खरेपणा मोजायला वापरलं. पहिल्या वर्षाच्या मुलानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मी खाली गेलो.

"वहिनी, त्या आठ ग्लासांत तुम्हाला कधी दोन सारखे वाटले?"

"दर वेळी असतात की."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी बोलले होते. क आणि फ एकच आहेत म्हटलं. डॉक्टर म्हणाले, 'सुरुवातीला सगळ्यांनाच सगळं सारखं लागतं, वहिनी, होईल सवय.' सगळे हसले. चांगल्या मनानंच हसले हो." त्यांनी हातातली उशीची खोळ सरळ केली. "मग मला वाटलं, हा इथला रिवाजच असेल. गुपचूप जोडी शोधायची आणि शेजारी मांडायची. मी तेच करत आले. आधी जोडी, मग बाकीचं."

"तेहतीस वेळा बरोबर आलंय तुमचं."

"कितीतून?"

"छत्तीसातून."

त्या जरा विचारात पडल्या. "दोनदा सर्दी होती," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा चुकले असेन."

रविवारी सगळे जमले. मावशींनी नेहमीप्रमाणे ग्लास भरून आणून मांडले होते. मी सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं, कारण तोंडानं सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. उभा राहिलो, "मित्रहो," म्हणालो, आणि पुढचं वाक्य कागदावर शोधू लागलो. छापखानेवाल्यांनी माझ्या हातातून कागद घेतला.

"द्या इकडे. माझं आयुष्य गेलं दुसऱ्यांचं गिचमिड अक्षर वाचण्यात."

त्यांनी वाचलं. सात पिशव्या, आठ ग्लास, दर वेळची जोडी. सोळा शून्यं त्यांनी एकेक करून वाचली. वहिनी आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या.

"माझा आकडा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ," मी म्हणालो.

"आणि नुसत्या नशिबावर?"

"नऊ."

"म्हणजे डॉक्टर," छापखानेवाले म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून आकडे टाकले असते तर एक गुण जास्त पडला असता."

दोघंतिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या जागी मीही हसलो नसतो.

"मास्तर, राग मानू नका," ते जरा वेळानं म्हणाले. "कागदावर काहीही दाखवता येतं. आणि वहिनी तुमच्याच घरातल्या. ग्लास समोर आहेत. जोडी आजही असणारच. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, कोणते दोन एक आहेत. वहिनींना सापडली तर खुर्ची त्यांची, आणि नियम रद्द. नाही सापडली, तर नियम आहे तो आहे."

एका प्रयोगावरून निकाल लावू नये, हे मी पस्तीस वर्षं शिकवलं. बारातून एकदा त्या चुकत होत्या; आज ते एकदा असेल तर? पण मी हे म्हणेपर्यंत वहिनींनी पहिला ग्लास उचलला होता.

अशी चाखणी मी त्या खोलीत कधी पाहिली नव्हती. एरवी गप्पा चालायच्या, कुणी वासावर भाषण द्यायचं. आज फक्त ग्लास ठेवल्याचे आवाज. सात जणांच्या चिठ्ठ्या पंधरा मिनिटांत झाल्या. वहिनींची होईना. त्या अ पासून ह पर्यंत गेल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा अ पासून आल्या. फ आणि ह त्यांनी चारदा उचलले. मला वाटलं, संपलं. शेवटी त्यांनी दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी उलटी ठेवली.

डॉक्टरांनी एकेक चिठ्ठी वाचली. ब आणि ड. अ आणि ग. फ आणि ह, ही त्यांची स्वतःची आणि छापखानेवाल्यांची. क आणि इ. बाकीच्यांच्याही अशाच. मग वहिनींची उलटली आणि ते थांबले.

"जोडी नाही," त्यांनी वाचलं.

"म्हणजे सापडली नाही?" कुणीतरी विचारलं.

"नाही. आज जोडी नाहीच," वहिनी म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की शेवटच्या खुर्चीपर्यंत तो पोचला नसावा.

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "मावशी," त्यांनी हाक मारली, "तुमची चिठ्ठी आणा."

मावशी दारात आल्या, पण पुढे येईनात. "डॉक्टर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी विचारल्यापासून मनाला लागून राहिलं होतं. चार वर्षं मी तुम्हाला एकच वाइन दोनदा पाजली. म्हणून आज आठवी बाटली मीच घेऊन आले. मास्तरांना सांगणार होते, पण ते आल्यापासून नुसते थरथरतायत."

त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी रंग मोजले. मग पुन्हा मोजले, आणि छापखानेवाल्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून तिसऱ्यांदा मोजले. आठ अक्षरं आणि आठ वेगवेगळे रंग.

आठ ग्लासांच्या अठ्ठावीस जोड्या होतात. सात जणांनी आपापली जोडी शोधली होती, कारण जोडी आहे असं त्यांना सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं, सोळा शून्यांसकट. वहिनींनाही तेच सांगितलं होतं, आणि खुर्ची पणाला लागली होती. तरी त्यांच्या जिभेनं जे नव्हतं त्याला नाही म्हटलं. माझ्या गणितात या उत्तराला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी आजच्या कामाचा कागद पुढे ओढला, त्यातली खुर्चीची ओळ खोडली, खाली नियमाची ओळ होती तीही खोडली. मग ते आपली खुर्ची सरकवत वहिनींच्या जवळ गेले.

"फ आणि ह," ते म्हणाले. "मला शपथेवर सांगता आलं असतं की एकच आहेत."

"जवळचेच आहेत," वहिनी म्हणाल्या. "मलाही वेळ लागला. पण फ लगेच संपतो. ह थांबतो."

"कुठे थांबतो?"

वहिनींनी कानाच्या खाली, जबडा जिथे वळतो तिथे, बोट ठेवलं. "इथे. पण लगेच नाही. आधी काहीच नसतं. वाट बघावी लागते."

"तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघतोय," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी ह चा घोट घेतला, गिळला आणि डोळे मिटले. छापखानेवाल्यांनीही घेतला. मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी. आठ माणसं तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसली. मावशी दारातच उभ्या होत्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

कितीतरी वेळ गेला. मग डॉक्टरांचा हात सावकाश वर आला आणि कानाखाली जाऊन थांबला.